आरव्हीतला मायक्रोवेव्ह गेला (घरचा ग्रुप)

मंदार: अरे आपल्या आरव्ही ट्रेलरमधला मायक्रोवेव्ह गेला. हिवाळाभर स्टोरेजमध्ये होता, आता घरी आणून साफसफाई चाललीय, केतकीने चहाचं पाणी ठेवलं तर आत दिवा लागतो, प्लेट फिरते, घरघर पण होते आणि पाणी गार ते गारच. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन यलोस्टोन नॅशनल पार्कची ट्रिप आहे. प्रसाददादा तू तुझ्या ट्रेलरचा बदलला होतास ना?

सुमाआत्या: म्हणजे ती गाडीला जोडतात ती खोली का रे, जिचे फोटो टाकलेलेस

मंदार: हो आत्या तीच 😄

नानाकाका: प्लेट फिरते म्हणजे सप्लाय येतोय, फ्यूज पण शाबूत. डायोड गेला असेल नाहीतर मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग. कव्हर काढ, डायोड टाक, किरकोळ काम आहे.

केतकी: नानाकाका प्लीज त्याला चढवू नका 🙏 आत वीज साठवणारा कपॅसिटर असतो, 2000 व्होल्टच्या वरचं काम, प्लग काढून ठेवला तरी त्यात चार्ज राहतो, लोक मेलेत त्याने.

नानाकाका: अगं तो आधी डिस्चार्ज करायचा असतो, आम्ही आयुष्यभर तेच केलं

प्रसाददादा: काका तुमचा हात बसलाय, मंद्याला ट्यूब बदलायला जमत नाही. उघडायचा नाही. पण नवीन घ्यायच्या आधी एक बघ, ट्रेलरला वीज कुठून दिलीयस? घराच्या बाहेरच्या सॉकेटमधून लांबलचक एक्स्टेन्शन टाकलं असशील तर व्होल्टेज पडतं, 120 च्या जागी 105 वगैरे आलं की मायक्रोवेव्ह नुसता घरघरतो, तापवत नाही. चौकटीचे स्क्रू काढ, बाहेर ओढ आणि घरातल्या किचनच्या सॉकेटला लावून बघ.

मंदार: आत्ताच केलं. घरात पण गार. गेलाच.

आई: मी काय म्हणते, इथला आपला जुना पडून आहे तो सामानात आणू का, चालू आहे एकदम

मंदार: आई तो 230 व्होल्ट 50 हर्ट्झचा, इथे 120 आणि 60. नको. चकल्या आण त्या जागेत.

आई: आणि नसला तर काय अडलं? गॅस आहे ना त्यात? तव्यावर पोळी गरम होते.

केतकी: होते हो आई, पण छोट्या जागेत गॅस लावला की सगळी खोली तापते, वाफ भिंतींना धरते, दरवेळी खिडकी उघडा. शिवाय आम्ही यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कला उतरतोय, तिथे अस्वलं येतात म्हणून तंबू लावूच देत नाहीत, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या. बाहेर टेबलावर निवांत स्वयंपाक मांडून बसायची मला तरी हौस नाही.

सुमाआत्या: अस्वलं??? वहिनी तू जातेयस कशाला

प्रसाददादा: 😂 बरं मंदार ऐक. आरव्हीसाठी म्हणून विकतात ते घेतलेच पाहिजेत असं काही नाही, आत तेच यंत्र असतं आणि पैसे बरेच जास्त. पण तुझा कसा बसवलाय त्यावर आहे. शेगडीच्या वर लटकवलेला, खाली पंखा आणि दिवा असलेला असेल तर त्याच प्रकारचा घे, वाफ ओढायचं काम पण तोच करतो. कपाटात घुसवलेला असेल तर घरगुती चालतो, फक्त कपाटात चालतो असं त्याच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं हवं, कारण साध्या टेबलावरच्याला वरून-बाजूने मोकळी जागा लागते, कोंडलास तर तापून बंद पडेल. माप जुन्या मायक्रोवेव्हचं घेऊ नकोस, भोकाचं घे. रुंदी, उंची, आणि खोली घेताना मागे प्लग कुठे आहे ते बघ, दोन इंच तिथेच जातात. सगळे तिथेच फसतात. आणि दारातून खोका आत जातो का तेही बघ, ट्रेलरची दारं अरुंद.

मंदार: कपाटातलाच आहे, समोर चौकट. कन्व्हेक्शनवाला, म्हणजे ओव्हनसारखा बेक पण करणारा घेऊ का मग, केतकीला केक करायचाय

केतकी: मी कधी म्हटलं?? तूच म्हणालास

प्रसाददादा: मोठा नको. तुझा ट्रेलर 30 अँपचा आहे ना, म्हणजे 120 गुणिले 30, सगळे मिळून 3600 वॅट. डब्यावर 1000 लिहिलेला मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात 1500 च्या आसपास ओढतो, छतावरचा एसी जवळपास तेवढाच, त्यात पाण्याचा हीटर विजेवर ठेवलास की ब्रेकर पडलाच. फिशिंग ब्रिजला वीज घ्यायच्या खांबावर 50 अँप असलं तरी अॅडॅप्टर लावून तुझ्या वायरीतून 30 च मिळणार. त्यामुळे छोटा घे, 700 वॅटचा. दूध आणि पोळ्याच गरम करायच्यात ना, पाऊण मिनिट जास्त लागेल.

बाबा: बॅटरीवर चालेल का?

प्रसाददादा: काका इन्व्हर्टर लागेल, तोही प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्यासारखी वीज देणारा, स्वस्तातल्यावर मायक्रोवेव्ह नुसता गुणगुणतो. आणि 12 व्होल्टवरून 1500 वॅट म्हणजे सव्वाशे अँपच्या वर, त्याची मनगटासारखी वायर टाकावी लागते. या ट्रिपसाठी तरी नको.

नानाकाका: बसवताना खालून स्क्रू मारणार असशील तर लांबी बघ, आत घुसला तर संपलं.

प्रसाददादा: हे काकांचं एकदम बरोबर. त्यापेक्षा मागे-पुढे लाकडी पट्टी ठोक म्हणजे सरकत नाही, आणि पट्टी आतल्या लाकडात बसव, नुसत्या पातळ प्लायमध्ये स्क्रू धरत नाही, पहिल्याच खड्ड्यात सुटतो. गाडी चालताना काचेची प्लेट काढून टॉवेलात गुंडाळायची, ती विसरू नका.

मंदार: ओके 700 वॅटचा बघितला, भोकापेक्षा रुंदीला इंचभर कमी आहे, मॅन्युअलमध्ये कपाटाचं लिहिलंय. मागवला, गुरुवारी येईल. शनिवारी व्हिडिओ कॉलवर ये दादा.

प्रसाददादा: सकाळी ये, दुपारी मॅच आहे. आणि जुनी चौकट टाकू नकोस, नवीन बसेपर्यंत ठेव, तीच कापून लावता येईल कदाचित.

नानाकाका: मलाही घ्या कॉलवर.

केतकी: काका तुम्हाला घेतो, जुना मायक्रोवेव्ह मात्र कॅमेऱ्यासमोर येणार नाही 😅