शब्दचर्चा: मॅमोग्राफी अहवालातले 'काटेरी', 'सावली' आणि 'सौम्य'

प्रश्न: स्तनातल्या ग्रॅन्युलर सेल ट्यूमरचा (मज्जातंतूंच्या आवरणातून येणारी, बहुधा कर्करोग नसलेली गाठ) अहवाल रुग्णाला मराठीत समजावायचा आहे. 'स्पिक्युलेटेड', 'पोस्टिरियर शॅडोइंग', 'बिनाइन' यांना काय म्हणावं?

– 'स्पिक्युलेटेड'ला 'काटेरी कडांची गाठ' म्हणा. 'अस्पष्ट कडा' नको, तो वेगळा शेरा आहे. काटेरी म्हणजे गाठीतून चहूकडे बारीक रेषा निघालेल्या. अस्पष्ट म्हणजे गाठ कुठे संपते तेच कळत नाही. या गाठीच्या पेशी आजूबाजूच्या चरबीत शिरतात, म्हणून ती हुबेहूब कर्करोगासारखी दिसू शकते. काही गाठी मात्र गोल, गुळगुळीत कडांच्याही असतात. बहुतेक ३ सेंमीपेक्षा लहान. कॅल्शियमचे कण सहसा नसतात.

– 'सावली'वर जरा थांबा. मॅमोग्राफीत गाठ पांढरी उमटते आणि बोलताना लोक त्यालाच सावली म्हणतात. सोनोग्राफीतली सावली म्हणजे गाठीच्या मागचा काळा पट्टा. गाठ ध्वनिलहरी पुढे जाऊ देत नाही म्हणून तो पडतो. एकाच कागदावर दोन्ही आल्या तर वाचणाऱ्याचा गोंधळ ठरलेला. 'गाठीमागे काळी सावली' असं पूर्ण लिहावं.

– 'बिनाइन'ला कोशात 'सौम्य' आहे, पण रुग्ण 'सौम्य कर्करोग' असं वाचतो. 'कर्करोग नसलेली गाठ' हेच बरं, आणि तेही बायोप्सीनंतरच. नुसत्या चित्रावरून या गाठीला बायरॅड्स (स्तनाच्या चित्रावरून कर्करोगाचा संशय किती, हे सांगणारी श्रेणी) ४ किंवा ५, म्हणजे संशयाची श्रेणी, मिळणं नेहमीचं. त्या टप्प्यावर 'संशयास्पद, तुकडा तपासणे आवश्यक' एवढंच लिहा. कोअर बायोप्सीत (जाड सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत) एस-१०० हे श्वान पेशींत सापडणारं प्रथिन पॉझिटिव्ह आणि सायटोकेरॅटिन हे स्तनाच्या नेहमीच्या कर्करोगात सापडणारं प्रथिन निगेटिव्ह आलं की निदान पक्कं होतं. गाठ कडेच्या निरोगी भागासकट काढतात; अर्धवट राहिली तर पुन्हा येऊ शकते. केमोथेरपी लागत नाही. क्वचित घातक प्रकारही असतो, म्हणून 'निरुपद्रवी' हा शब्द टाळावा.

– जुन्या कागदांत याच गाठीचं 'मायोब्लास्टोमा' हे जुनं नाव दिसलं तर 'स्नायूची गाठ' करू नका. अब्रिकोसॉव्ह यांनी १९२६ मध्ये वर्णन केलं तेव्हा ती स्नायूतून येते असं वाटलं होतं. ती मज्जातंतूंच्या आवरणातल्या श्वान पेशींची आहे. स्तनाच्या वरच्या, छातीच्या मध्याकडच्या भागात ती जास्त आढळते, कारण सुप्राक्लॅव्हिक्युलर (गळ्याजवळच्या हाडावरून उतरणाऱ्या) मज्जातंतूंच्या फांद्या तिथे पसरलेल्या असतात. 'श्वान' हे आडनाव आहे. कंसात 'कुत्रा' लिहिणारे भाषांतरयंत्र तपासून घ्या.