७५० फुटांपर्यंत नुसता फुफाटा, मग पाणी गेलं कुठं?

औसेकर
परवा बोअर मारला. तमिळनाडूची गाडी होती, ७५० फुटांपर्यंत फुफाटाच उडत राहिला, अजून शंभर जाऊ का म्हणून विचारलं तर आई बांधावर उभी होती तिनं हातानंच नको म्हणलं. हा चौथा बोअर. आजोबांच्या वेळेला ४५ फुटी विहिरीवर मोट चालायची, आता त्याच विहिरीत बाभळी उगवल्यात. पाऊस तर पडतोय की, मागं ओढ्याला पूर बी आला, मग पाणी जातंय कुठं? कुणी नीट समजावून सांगा.

काळा पाषाण
भाऊ, आपल्या मराठवाड्याखाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. पावसाचं पाणी मुरतं ते मुरमात आणि वरच्या झिजलेल्या खडकात, म्हणजे जुन्या विहिरींच्या खोलीपर्यंतच. त्याखाली सगळा पाषाण, कुठं भेग लागली तर पाणी, नाहीतर फुफाटा. त्या भेगा भरायला कैक वर्षं लागलेली असतात आणि आपण दोन-चार उन्हाळ्यात उपसून मोकळे होतो. वर केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाशी घालायचा पाइप, कमी टाकलं तर वरच्या थरातलं पाणीपण बोअरमधून खाली झिरपतं, तुमच्या विहिरीचं असंच झालं असणार. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली शेतीच्या बोअरला बंदी आहे, पण गावात कोण विचारतंय!

मांजराकाठ
उसाचं पण बोला की. आपला पाऊस वर्षाला ७००-८०० मिमी, उसाला लागतं २००० च्या आसपास, वरचं सगळं धरणातनं नाहीतर जमिनीतनंच येणार ना. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा आम्ही घागरी घेऊन रांगेत होतो, ते मी विसरू शकत नाही.

खोडवा
दादा, माझा दोन एकर ऊस आहे. सोयाबीनला भावाची खात्री नाही, उसाला एफआरपी आहे, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, म्हणून लावतो. ठिबक केलंय. तुरीची अशीच हमखास खरेदी होऊ द्या, उद्या ऊस मोडतो.

जालन्याची लेक
खोडवादादांचं खरं आहे, एकट्यानं सोडून भागत नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाला पाऊस मोजून गावसभेत पाण्याचा हिशोब मांडतात आणि मग पिकं ठरवतात, शेतीला बोअर नाही की ऊस नाही. आमच्याकडं कडवंची गावानं आधी पाणलोटाची कामं केली, मग द्राक्षं लावली. पण शेततळं बोअरनं भरू नका हं, जमिनीतलं पाणी उन्हात वाळवल्यासारखं होतं.

औसेकर
आता कळलं. पाचव्या बोअरचे पैसे विहिरीतला गाळ काढायला घालतो. ओढ्याचं पाणी विहिरीत सोडायचं तर आधी वाळू-खडीचा गाळणखड्डा केवढा लागंल, कुणी केलाय का?