लाळ-स्टार्चच्या प्रयोगात आयोडिनचा निळा रंग जातच नाही, मदत हवी आहे

वर्गात दाखवायला लाळेतल्या अमायलेजचा (स्टार्च तोडणारं विकर, एक प्रथिन) प्रयोग मांडतोय. १ टक्का स्टार्चचं द्रावण ५ मिली, लाळ १ मिली, वर आयोडिनचे दोन थेंब (स्टार्च असेपर्यंत ते निळं दिसतं). अर्धा तास झाला तरी नळी गडद निळी. द्रावण दर वेळी ताजं उकळून लगेच वापरतो. चुकतंय कुठे? आणि हेच अमायलेज पोटात गेल्यावर काय करतं?

उत्तर १
दोन गोष्टी चुकताहेत. गरम द्रावणात लाळ घातली की अमायलेजची घडी मोडते आणि ते कायमचं निकामी होतं. द्रावण आधी ३७ अंशांपर्यंत निवू द्या. दुसरं, आयोडिन नळीत घालूच नका. ते स्टार्चच्या मळसूत्री साखळीत शिरून बसतं आणि साखळी तुटायला अडथळा होतो.

पांढऱ्या टाइलवर आयोडिनचे थेंब ओळीने मांडा. नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून दर मिनिटाला त्यातला एक थेंब टाइलवर टाका. आधी निळा, मग जांभळा, मग तांबूस (हे डेक्स्ट्रिन, म्हणजे अर्धवट तुटलेला स्टार्च) आणि शेवटी आयोडिनचा मूळ पिवळसर रंग दिसेल. सोबत उकळून गार केलेल्या लाळेची एक नळी हवीच, नाहीतर प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. लाळ ज्याची त्यानेच हाताळावी.

उत्तर २
पोटातलं आम्ल घासात मुरेपर्यंत अमायलेज आतल्या भागात काम करत राहतं, मग थांबतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज उरलेला स्टार्च तोडतं. पण त्यातून मिळणारा माल्टोज रक्तात जाऊ शकत नाही. आतड्याच्या अस्तरावरचं माल्टेज त्याचे दोन ग्लुकोज करतं, तेव्हा कुठे तो शोषला जातो.

हे दाखवायला तिसऱ्या नळीत स्टार्चच्या आधी लाळेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घाला, निळा रंग टिकेल. आतड्याची नक्कल म्हणून सोडा मात्र घालू नका. अल्कलीत आयोडिनचाच रंग उडतो आणि स्टार्च पचल्याचा भास होतो. साखर खरंच तयार झाली का, हे बेनेडिक्ट चाचणीनेच पाहा.

प्रश्नकर्ता
आता सात मिनिटांत पिवळं झालं! पण उकळलेल्या लाळेची नळीही हळूहळू फिकट होतेय.

उत्तर १
दोन्ही नळ्यांना एकच ड्रॉपर वापरताय का? त्याच्या टोकाला राहिलेली थोडी लाळही पुरते. प्रत्येक नळीला वेगळा घ्या.