नगरपंचायतीचे ठराव आणि जमाखर्च गावाला दर महिन्याला कसे कळवावेत?

माणकाठ विचारतात:

सातारा जिल्ह्यातली नगरपंचायत, १७ प्रभाग. आम्ही काही जण मिळून दर महिन्याला ए-फोर आकाराचं एक पान काढायचं म्हणतोय. सभेत काय ठरलं, कुठल्या कामाला किती पैसे, प्रत्यक्षात किती गेले, एवढंच. एसटी स्टँड, दूध डेअरी, रेशन दुकान इथं चिकटवायचं आणि व्हॉट्सअॅपवर टाकायचं. कुठल्याच गटाचं पत्रक वाटता कामा नये.

कागद कुठून आणि कुठल्या हक्काने मिळवायचे, ते सांगा. दुसरं म्हणजे अंदाजपत्रकातलं नेमकं काय उचलायचं? पेपरात दरवर्षी "अमुक कोटींचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर" एवढंच येतं, त्यातून कुणालाच काही कळत नाही.

---

इतिवृत्त यांचं उत्तर:

सुरुवात सभेच्या नोटिशीपासून करा. १९६५ च्या नगरपरिषद, नगरपंचायत कायद्याप्रमाणे सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघते, विशेष सभेची तीन दिवस आधी. नोटिशीबरोबर विषयपत्रिका असते आणि ती कार्यालयाच्या फलकावर लागते. तिचा फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा. नंतर विषयांची तुलना करायला हाच कागद लागतो.

तुलना का, तर विषयपत्रिकेतला शेवटचा विषय बहुतेक वेळा "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" असा असतो. वादाचं काम बऱ्याचदा याच दारातून आत येतं. तुमच्या पानावर "विषयपत्रिकेत नव्हते, ऐनवेळी आले" असा कायमचा रकाना ठेवा. बाकी काही लिहायची गरज नाही, वाचणाऱ्याला कळतं.

इतिवृत्त पुढच्या सभेत "कायम" होतं. तोपर्यंत त्यात दुरुस्ती होऊ शकते. म्हणून सभेला बसून (सभा बघायला नागरिकांना मोकळीक असते, बोलायला नाही) जे टिपलं ते "सभेत झालेली चर्चा" म्हणून द्या आणि ठरावाचा मजकूर इतिवृत्त कायम झाल्यावर ठराव क्रमांक व तारखेसह द्या. दोन्हींत फरक पडला तर तीच त्या महिन्याची बातमी. प्रत्येक विषयामागे कार्यालयाची टिपणी जोडलेली असते, ती ठरावापेक्षा जास्त बोलकी असते. काम कुणी सुचवलं, खर्च कुठल्या लेखाशीर्षातून, आधी कुणाचा अर्ज होता, हे सगळं तिथं सापडतं. सूचक-अनुमोदकांची नावं ठरावात असतात. विरोध नोंदवला असेल तर तोही.

माहिती अधिकारात मागताना महाराष्ट्राचे नियम लक्षात ठेवा: अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. प्रतीला पानामागे २ रुपये. "रस्त्याचं काम का रखडलं?" असं विचारलं की "माहिती प्रश्नार्थक आहे" म्हणून अर्ज परत येतो. असं मागा: "दि. … रोजीच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, सर्व विषयांच्या टिपण्या व कायम झालेले इतिवृत्त यांच्या प्रती." ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, फी २० रुपये.

पण दर महिन्याला अर्ज करत बसू नका. २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. फाइल आधी नजरेखालून घाला, लागतील तेवढीच पानं मागा. न बघता "संपूर्ण नस्ती" मागणाऱ्याच्या हाती चारशे पानं येतात आणि हवं ते पान नेमकं त्यात नसतं.

---

जमाखर्च यांचं उत्तर:

अंदाजपत्रकाचा एकूण आकडा छापूच नका. त्यात आरंभीची शिल्लक असते, येईल अशी आशा असलेली शासकीय अनुदानं असतात, ठेवी आणि अनामती असतात. "शिलकी" म्हणजे पैसे उरले असं नव्हे. मागची न खर्चलेली अनुदानंही त्या शिलकेत बसतात आणि ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाहीत.

अंदाजपत्रकात एकाच बाबीपुढे सहसा तीन रकाने असतात: मागच्या वर्षीचं प्रत्यक्ष, चालू वर्षाचं सुधारित, पुढच्या वर्षाचा अंदाज. आता दोन वर्षांपूर्वीचं अंदाजपत्रक काढा आणि त्यातला "अंदाज" आताच्या "प्रत्यक्ष"शेजारी ठेवा. पाणीपट्टी, घरपट्टी, दिवाबत्ती, घनकचरा, रस्ते अशा पाचच ओळी घ्या. मालमत्ता विक्रीतून किंवा गाळ्यांच्या भाड्यातून दरवर्षी मोठी जमा दाखवायची आणि वर्षाअखेर हातात काहीच नाही, हा प्रकार या दोन रकान्यांत लगेच उघडा पडतो.

कामांबाबत लोकांची सगळ्यात मोठी गल्लत "मंजूर" या शब्दाने होते. सभेत ठराव झाला, मंजूर. जिल्हा नियोजन समितीने यादीत घेतलं, मंजूर. प्रशासकीय मान्यता आली, तरी मंजूर. रस्ता एकच, नारळ तीनदा. तुमच्या पानात "मंजूर" शब्दावर बंदी घाला आणि प्रत्येक कामापुढे टप्पा लिहा: ठराव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकात नोंद, देयक अदा. काम यांपैकी एका टप्प्यावर असतंच.

प्रत्येक टप्प्याला रक्कमही बदलते. प्रशासकीय मान्यतेची रक्कम वेगळी, ठेकेदाराने भरलेली निविदा वेगळी, दिलेलं देयक वेगळं. पानावर तिन्ही द्या. एकच दिलीत तर सत्ताधारी मोठी सांगणार, विरोधक लहान, आणि दोघांकडे कागद असणार.

नमुन्यादाखल एक नोंद (आकडे काल्पनिक):

*प्रभाग ४, शाळा ते ओढा काँक्रीट रस्ता. लांबी १२० मी., रुंदी ३ मी., जाडी १५ सेंमी. निधी: नगरोत्थान. मान्यता ७,५०,००० रु. निविदा ६,९०,००० रु. कार्यारंभ आदेश दि. …, मुदत ३ महिने. आजचा टप्पा: मोजमाप झाले, देयक बाकी. दोषदायित्व कालावधी दि. … पर्यंत.*

या मापांवरून काँक्रीट ५४ घनमीटर निघतं. मोजमाप पुस्तकात किती लिहिलंय ते पडताळता येतं. लांबी-रुंदी कुणीही टेपने मोजू शकतो. जाडीचं तसं नाही. कडेला फळी लावलेली असते तिथं ती पुरेशी दिसते, कमी भरते ती मधे. त्यासाठी गुणवत्ता चाचणीचा अहवाल मागा. टेप घेऊन आरोप छापू नका. दोषदायित्वाची तारीख मात्र आवर्जून छापा. त्या मुदतीत खड्डा पडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि हे माहीत नसल्यामुळे त्याच रस्त्यावर नव्याने खर्च टाकला जातो.

निविदा महाटेंडर्स संकेतस्थळावर बघता येतात. ठरावीक रकमेखालची कामं मात्र तिथं येत नाहीत. त्यामुळे एकाच गल्लीतला रस्ता "भाग १, भाग २, भाग ३" असा दिसला की तिन्ही रकमांची बेरीज करून एका ओळीत द्या.

वसुलीची टक्केवारी हा आणखी एक चकवा. समजा मागची थकबाकी ४० लाख, चालू मागणी ६० लाख, वसुली ५७ लाख. एकूण मागणीवर ही ५७ टक्के. पण थकबाकी बाजूला ठेवून चालू मागणीवर काढली की ९५ टक्के! "कशावर काढलेली टक्केवारी" हे लिहिल्याशिवाय टक्के छापू नका.

---

माणकाठ:

नोंदीचा नमुना फारच कामाचा, आभार. प्रशासक असतानाच्या काळाचं काय करायचं? तेव्हा सभाच नव्हत्या.

---

इतिवृत्त:

सभा नव्हत्या, ठराव होते. राज्यातल्या बऱ्याच नगरपालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीपासून संपत गेली आणि निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते आणि त्याचे निर्णय प्रशासकीय ठराव म्हणून नोंदले गेले. सोमवारी गेलात की "प्रशासकीय ठराव नोंदवही" असं नाव घेऊन मागा. "इतिवृत्त" म्हणालात तर "त्या काळात सभा झाली नाही" एवढंच उत्तर मिळेल, आणि ते खोटंही नसेल.

---

येरळाकाठ यांचं उत्तर:

सांगली जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीच्या बाजूने थोडं. तुमच्या आसपासच्या गावांनाही उपयोगी पडेल.

ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की वर्षाचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशातून दिलेली देयकं दिसतात. तिथं कामाचं नाव मात्र "पाणीपुरवठा दुरुस्ती" एवढंच असतं, वस्ती कुठली ते कळत नाही. त्यामुळे व्हाउचरची तारीख आणि रक्कम घेऊन कार्यालयात नमुना ५ च्या रोकड वहीशी ताडून बघा. घरपट्टीचं नमुना ८ आणि ९ मध्ये. लेखापरीक्षणातल्या आक्षेपांची पूर्तता किती झाली ते नमुना २७ मध्ये. हा शेवटचा कागद फारसा कुणी मागत नाही.

"पैसे पडून आहेत, मग रस्ता का नाही?" हा हमखास प्रश्न. १५ व्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी बंधित होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. रस्त्याला अबंधित ४० टक्क्यांतूनच. हे पहिल्याच पानावर चौकटीत टाका, अर्धी भांडणं मिटतील. स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च झाले का, ही ओळ दर मार्चला द्या.

ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या. सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणून तहकूब सभेची तारीख मूळ सभेपेक्षा मोठ्या अक्षरात द्या. आणखी एक, नोंदवहीवर सह्या आधी घेतल्या जातात आणि ठराव नंतर लिहिले जातात. सभा संपायच्या आत ठराव वाचून दाखवा म्हणायचं आणि शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून घ्यायची.

---

खिळेजुळारी यांचं उत्तर:

मजकुराचं सांगितलंच आहे, छपाईचं मी सांगतो. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. डेअरीत उभ्याने वाचतात, आणि पहाटे. एका पानावर सहापेक्षा जास्त कामं घेऊ नका. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आणि फोटो दोन्ही टाका, कारण पीडीएफ बरेच जण उघडतच नाहीत. ग्रुपवर संदेश फक्त अॅडमिनला पाठवता येईल असं ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वाढदिवसाच्या बॅनरखाली जमाखर्च शोधावा लागेल. प्रश्न घ्यायला वेगळा नंबर द्या.

थकबाकीदारांची नावं छापू नका, संख्या आणि रक्कम पुरे. घरकुल लाभार्थ्यांच्या याद्या टाकताना आधार, खाते क्रमांक, मोबाइल काळे करा, आणि तेही छापील कागदावर. फोनवरची पुसट रेघ उजेड वाढवला की वाचता येते.

चूक झाली तर जुनं पान हळूच बदलू नका. पुढच्या अंकात वर उजवीकडे "दुरुस्ती" म्हणून चुकीचा आकडा, बरोबर आकडा आणि कुठल्या कागदावरून, एवढं द्या. छापायच्या आधी आकड्यांची ओळ मुख्याधिकाऱ्यांना लेखी पाठवून दोन दिवसांची मुदत द्या आणि पोच घ्या. आकड्यांवर खुलासा आला तर तो शेजारीच छापा.

नाव आणि अंक क्रमांक देऊन छापील नियतकालिकच काढणार असाल तर २०२३ च्या प्रेस व नियतकालिक नोंदणी कायद्याचं बघावं लागेल. तो भाग पहिल्या अंकाआधी एखाद्या वकिलाला विचारून घ्या.