अनुभव धागा: सुनील छेत्री थांबला. तुम्ही त्याला कुठे पाहिलंत?

परवा ६ जून २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर कुवेतशी ०-० झालं आणि आपल्या फुटबॉल कर्णधाराची, छेत्रीची, भारताची जर्सी उतरली. १५१ सामने, ९४ गोल, आणि निरोपाच्या सामन्यात एकही नाही. आकडे सगळीकडे आहेतच. मला हवेत तुमचे किस्से. हा माणूस वागतो कसा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

२०१८ साली मी अंधेरीत राहायचे, तिथल्या फुटबॉल मैदानापासून चालत पंधरा मिनिटांवर. १ जूनला तिथे भारताने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानच्या संघाला) ५-० हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. मीही गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ आला. युरोपातले क्लब बघणाऱ्यांनो, आम्ही त्यांच्या जवळपासही नाही, कबूल. पण या, शिव्या घालायच्या तर मैदानात येऊन घाला, असं विनवत होता. आदल्या रात्री तीन गोल मारलेला कर्णधार! मी सोफ्यावर लोळत बघत होते. लाज वाटली.

४ तारखेला केनियाशी त्याचा शंभरावा सामना. तिकिटं संपलेली, धो धो पाऊस, मैदानात तळी. पास दिला की चेंडू मध्येच रुतायचा. मध्यंतरापर्यंत गोल नाही. शेजारचे काका डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून ओरडत होते. मग ३-०, त्यातले दोन त्याचे. माझ्या तिकिटाचा पार लगदा झाला होता. तो वाळवून डबीत ठेवलाय.
– अंधेरीची, हल्ली डोंबिवलीत

* * *

मी मुंबई सिटी क्लबवाला. २०१५ मध्ये छेत्री आमच्याकडे होता, तेव्हा डी. वाय. पाटील मैदानात नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्धची त्याची हॅटट्रिक पाहिलीये. पण आठवतं ते २०२२ च्या ड्युरँड कपच्या फायनलचं. त्याच्या बंगळुरू क्लबने आम्हाला २-१ हरवलं, त्यामुळे मी आधीच धुमसत होतो. करंडक देताना एका बड्या पाहुण्यांनी फोटोत नीट यावं म्हणून त्याला चक्क हाताने बाजूला सारलं. भाऊ टीव्हीसमोर उभाच राहिला, "अहो, कप त्याने जिंकलाय!" तो मात्र निमूट सरकला. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, हरलो ते बरं झालं. (नाही, एवढंही नाही.)
– ठाणेकर

* * *

सगळं गोडगोड चाललंय म्हणून लिहितो. मार्च २०२३, बंगळुरूचं कंठीरवा मैदान, केरळा ब्लास्टर्स क्लबविरुद्ध आयएसएल लीगची बाद फेरी. जादा वेळेत बंगळुरूला फ्री किक. केरळच्या खेळाडूंची अडवायची भिंतही उभी राहिली नव्हती, तेवढ्यात छेत्रीने चेंडू जाळ्यात टाकला. रेफ्रींनी गोल दिला, केरळचा संघ मैदान सोडून गेला. नियमात बसतं, मान्य. पण शेजारी बसलेला माझा मल्याळी सहकारी घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि मलाही काही बोलता येईना. त्याचे चाहते आहोत तर हेही सांगावं.
– बंगळुरूतला पुणेकर

* * *

आमची पेठेतली तालीम, कोल्हापूर. इथे तालमींचेच फुटबॉल संघ असतात. निवृत्तीच्या व्हिडिओत छेत्रीनं सांगितलं, भारताची पहिली जर्सी हातात आली तेव्हा तिच्यावर सेंट मारला होता. आमच्या बारक्या पोरांनी ते ऐकलं, आणि रविवारी आम्ही त्यांना नव्या जर्स्या वाटल्या. सोमवारी मॅचला आली तर काय, मैदानभर घमघमाट! गोलकीपरनं तर आजोबांचं अत्तर ओतलं होतं. समोरचा फॉरवर्ड शिंकत होता. तरी हरलो.
– तालमीतला दादा

* * *

मार्च २०२५. धागा वर काढतोय. छेत्री निवृत्ती मागे घेऊन शिलाँगला मालदीवविरुद्ध परत आला, चाळिसाव्या वर्षी, आणि ९५वा गोलही मारला. आमच्या आईचं म्हणणं, निरोपाला रडवलं त्याचा हिशोब आधी द्या.
– ठाणेकर