‘कायसार’ म्हटलं म्हणून गुण गेले. मुलीचं खरंच चुकलं का?

खानापूरची_बाई:
आमची मराठी माध्यमाची शाळा, खानापूर तालुक्यातली. परवा बेळगावात आंतरशालेय प्रश्नमंजूषा झाली, त्यात एक फेरी ‘प्राचीन ग्रीस आणि रोम’ची होती. प्रश्न आला, जुलै महिन्याला कुणाचं नाव दिलंय? आमच्या आठवीतल्या मुलीनं सगळ्यांच्या आधी घंटी मारली, उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “जूलियस कायसार.” सभागृह हसलं. परीक्षक म्हणाले, असं कुणी नाही, आणि प्रश्न पुढच्या शाळेकडं गेला. त्यांनी ‘सीझर’ म्हटलं, दहा गुण मिळाले.

पोरगीनं ते नाव फक्त इंग्रजी पुस्तकात वाचलेलं. कुणाच्या तोंडून ऐकायचा प्रसंगच आला नव्हता, मी तरी कुठं सांगितलं होतं? येताना बसमध्ये देसूर मागं गेलं तरी एक शब्द बोलली नाही. रोमन लोक स्वतः हे नाव कसं म्हणायचे, कुणाला नक्की माहीत आहे का?

शहापूरकर_संस्कृत:
बाई, मुलीला आजच सांगा, रोमच्या माणसाला तिचं उत्तर कळलं असतं, परीक्षकांचं नसतं कळलं. जुन्या लॅटिनमध्ये ‘सी’ अक्षराचा उच्चार नेहमी ‘क’. ‘ए-ई’ जोडीचा उच्चार जवळपास आपल्या ‘ऐ’सारखा. म्हणजे ‘कैसर’. शेवटचा ‘अ’ ऱ्हस्व, तेवढा तिनं लांबवला, बस्स.

पुरावा? त्याच काळातले ग्रीक लोक हे नाव ‘कप्पा’नं, म्हणजे ‘क’नंच लिहायचे. पुढं बोली बदलल्या, इटलीत ‘च’ झाला, इंग्रजीत ‘स’. रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरोसुद्धा मूळचा ‘किकेरो’.

निपाणीचा_वाचक:
आणि आपल्याकडं हा शब्द आधीपासून आहे की! व्हिक्टोरिया राणीची ‘कैसर-ए-हिंद’ ही पदवी, १८७७ च्या दिल्ली दरबारात जाहीर झालेली. ‘कैसर’ म्हणजे हाच सीझर, फारसी-अरबीतून आलेला. जर्मनांचा ‘कायझर’ही तोच. त्याच्याही आधी, अटकजवळच्या आरा इथल्या खरोष्ठी लिपीतल्या शिलालेखात कुषाण राजा कनिष्काला लावलेली एक पदवी ‘कैसरस’ अशी वाचतात. तुमच्या मुलीच्या बाजूनं एवढे साक्षीदार आहेत बाई.

कॅम्पातला_क्विझवाला:
सगळं मान्य. पण स्पर्धेत परीक्षकाच्या हातात छापील उत्तर असतं, त्यावर ‘सीझर’च असणार. मी मुलांना दोन्ही म्हणायला लावतो: “सीझर, लॅटिनमध्ये कैसर.” वाद होत नाही. आणि जुलैचं आधीचं नाव क्विंटिलिस, म्हणजे पाचवा, कारण जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. त्यावर हमखास उपप्रश्न येतो. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर मोजायला लावा. सप्त, अष्ट, नव, दश पोरांना आपोआप सापडतात.

शहापूरकर_संस्कृत:
गुण मिळवायला तुमचं ठीक आहे. पण बरोबर बोललेल्या मुलीला “असं कुणी नाही” म्हणणं मला पटत नाही. नुसतं “पुन्हा सांग” म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाई, जमलं तर पोरांना कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात न्या. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पॉसायडनची कांस्यमूर्ती बघू दे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी निघाला, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की रोम लांबचं वाटत नाही.

खानापूरची_बाई:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आज मधल्या सुट्टीत तिला बोलावून सगळं वाचून दाखवलं. ‘कैसर-ए-हिंद’पाशी तिनं मला थांबवलं, परत वाचायला लावलं. मग वहीचं मागचं पान काढून पेन्सिलीनं तीन रकाने आखले: रोमचा उच्चार, इंग्रजी उच्चार, आपल्याकडचा शब्द. पहिल्या ओळीत कैसर, सीझर, कैसर. दुसऱ्या ओळीत किकेरो, सिसेरो, आणि तिसरा रकाना रिकामा. तिथं काय लिहू म्हणून विचारत होती. कुणाला सुचत असेल तर सांगा.