अनुभव धागा : बेसबॉलच्या हंगामाचा पहिला दिवस

मार्च संपत आला की आमच्या घरात गुढीची काठी आणि लाल टोप्या एकाच सुमारास बाहेर निघतात. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये एका संघाचे हंगामात १६२ सामने. गुणतक्त्यात पहिल्या सामन्याला ऑगस्टमधल्या कुठल्याही सामन्याइतकंच वजन, तरी वर्षानुवर्षं लक्षात राहतो तो हाच. तुमचा असा एखादा पहिला दिवस इथे लिहा. मैदानातला असो, घरातला असो. निकाल नाही सांगितलात तरी चालेल, शेजारी कोण होतं ते मात्र सांगा. सुरुवात मी करतो.

सिनसिनाटी

३१ मार्च २०१४, सोमवार. त्या वर्षी पाडवा आणि ओपनिंग डे, म्हणजे हंगामाचा पहिला दिवस, एकाच दिवशी आले. बाबा सांगलीहून पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. सकाळी गुढी उभारली, कडुनिंब मिळाला नव्हता म्हणून गूळ-जिऱ्यावर भागवलं आणि फिंडली मार्केटची मिरवणूक बघायला गेलो. १९२० पासून ही मिरवणूक निघते. शाळांचे बँड, सजवलेले ट्रक, खांद्यावर पोरं घेतलेले आईबाप, हातातलं काम टाकून आलेली माणसं. १८६९ साली उघडपणे पगार देऊन खेळाडू ठेवणारा पहिला संघ याच गावाने उभा केला, तेव्हा इथे हा दिवस सणाचाच. बाबा बँडच्या तालावर नकळत बोटांनी लेझीम धरत होते.

बाबा सांगलीत क्लब क्रिकेटचे स्कोअरर. तीस वर्षं वहीत ठिपके मांडलेला माणूस. मैदानात शिरताच मी त्यांना स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घेऊन दिली. पिचर (चेंडू फेकणारा) १, कॅचर (त्याचा चेंडू झेलणारा) २, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ६ हे क्रमांक त्यांनी दोन इनिंगमध्ये पाठ केले. मग स्ट्राइकआउटची, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाल्याची, खूण सांगितली : तिसऱ्या चेंडूला बॅट फिरवून हुकला तर इंग्रजी 'के', चेंडू नुसता बघत उभा राहिला तर तोच 'के' उलटा.

बाबा थांबले. "म्हणजे खेळलाच नाही, याची वेगळी नोंद? आमच्याकडे बॅट वर करून चेंडू सोडला आणि दांडी गुल झाली, तरी वहीत नुसतं त्रिफळाचीत. तो कसा बाद झाला ते फक्त स्कोअररच्या डोक्यात राहतं."

आमच्या रेड्स संघाचा बिली हॅमिल्टन त्या दिवशी चार वेळा स्ट्राइकआउट झाला. चौथ्यांदा बाबांची पेन्सिल जरा घुटमळली. "पोराचं पहिलंच पूर्ण वर्ष ना?" म्हणाले आणि अगदी बारीक अक्षरात लिहिलं. सातव्या इनिंगमध्ये सेंट लुईसच्या मोलिनाने होमरन मारला आणि सामना १-० असा गेला. आमच्या संघाच्या रांगेत नऊ इनिंगची नऊ शून्यं. घरी श्रीखंड-पुरी खाताना बाबांनी सगळ्या बेरजा पुन्हा तपासल्या.

तेव्हापासून दर वर्षी मी त्यांना कोरं स्कोअरकार्ड पाठवतो. आमचा सामना अलीकडे बहुतेक दुपारी चारच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे सांगलीत रात्रीचे पावणेदोन. पहाटे त्यांच्याकडून भरलेल्या कार्डाचा फोटो येतो.

जळगाव

मी शाळेपासून सॉफ्टबॉल खेळले. शॉर्टस्टॉप. लग्नानंतर ग्लोव्ह माळ्यावर गेला, खेळ बघणं सुटलं नाही. न्यूयॉर्कमध्ये दुपारी एकनंतर पहिला चेंडू पडतो तेव्हा इथे साडेदहा वाजून गेलेले असतात. मुलगा झोपलेला असतो, कानात इयरफोन, फोन उशीला टेकवलेला.

यांकी स्टेडियममध्ये पहिल्या इनिंगला उजव्या बाजूच्या बाकांवरचे प्रेक्षक एकेका खेळाडूचं नाव पुकारतात आणि तो हात हलवेपर्यंत थांबत नाहीत. आमचे सर सरावाला असंच एकेकीचं नाव घेऊन जमिनीवरून चेंडू मारायचे. नाव ऐकलं की गुडघे वाकलेच पाहिजेत. शॉर्टस्टॉपचं नाव येतं तेव्हा पांघरुणात माझी टाच अजून उचलली जाते. सगळे त्याचे हात बघतात, मी पाय बघते. हिवाळ्यात कोणी किती घाम गाळलाय ते पहिल्या दिवशी पायांत दिसतं.

शिकागो

इथल्या कब्स संघाच्या मैदानाच्या, रिग्ली फील्डच्या, भिंतीवरचा हिरवागार वेल फोटोत पाहून गेले होते. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे नुसत्या तपकिरी काड्या! पानं मे महिन्यात येतात. सरोवरावरून येणारं वारं अंगातून आरपार जात होतं, माझ्याकडे पातळ जाकीट. शेजारच्या आजींनी न विचारता आपल्या ब्लँकेटचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं.

४ एप्रिल १९९४ ला त्या इथेच होत्या. कब्सच्या टफी रोड्सने समोरच्या पिचरला, ड्वाइट गुडनला, फलंदाजीला आल्यावर पहिल्या तिन्ही वेळा होमरन मारले, तरी कब्स १२-८ हरले. "पण पहिल्या तीन वेळा," आजी तीन बोटं वर करून पुन्हा म्हणाल्या. वीस-पंचवीस वर्षांनी पराभव सांगताना एवढा आनंद! त्या दिवशी मी कब्सची झाले. माझ्या सामन्याचा निकाल आता आठवत नाही, ब्लँकेटच्या निळ्या-पांढऱ्या चौकटी आठवतात.

टोकियो

१८ मार्च २०२५. डॉजर्स विरुद्ध कब्स, टोकियो डोम. तिकिटांच्या सोडतीत नंबर लागला नाही, म्हणून निशी-कासाईत घराजवळच्या छोट्या खानावळीत बसलो. डॉजर्सकडून यामामोतो, कब्सकडून इमानागा. मेजर लीगच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात दोन्हीकडून जपानी पिचर, हे पहिल्यांदाच घडत होतं. इमानागाने चार इनिंगमध्ये एकही हिट (फलंदाजाला बेस मिळवून देणारा फटका) दिला नाही आणि तरी त्याला बदललं, तेव्हा मालकीणबाई हातातला चमचा तसाच धरून टीव्हीपुढे उभ्या राहिल्या. पुढच्याच इनिंगमध्ये डॉजर्सच्या ओहतानीचा, तोही जपानीच, हिट आला आणि सगळी खानावळ उठली. बाई टाळ्या वाजवत होत्या, डोळे मात्र इमानागा बसला होता तिकडे. डॉजर्स ४-१ ने जिंकले.

फ्रीमाँट

आमचा दिवस आनंदाचा नव्हता, तरी लिहिते. २८ मार्च २०२४, ओकलंडच्या मैदानावरचा शेवटचा पहिला दिवस. संघ गाव सोडून जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या चौथ्या वर्षापासून उन्हाळ्यात बार्टने (इथली लोकल) कोलिझियमला, म्हणजे त्याच मैदानावर, जायचो, उतरलं की तो लांब पूल आणि कांदा परतल्याचा वास. त्या दिवशी ए'ज, म्हणजे ओकलंडचा संघ, ८-० ने हरले. सामना संपल्यावर ती जागेवरून उठेना. "रिकामं झालेलं बघायचंय," म्हणाली. बसलो. सफाईवाले शेंगदाण्याची टरफलं झाडायला लागले, एकाने तिला बघून हात केला, तिनेही केला.

तिचा हिरवा-पिवळा शर्ट आता बाह्यांना आखूड होतो. दुसरा घेऊन देते म्हटलं तर नको म्हणते. यंदाही पहिल्या दिवशी तोच घालून शाळेत गेली.